पेन्शन येताना: बापाचा मार, फौजेचा आवाज आणि घरातली दोन पोरं

फौजी_बावडा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात पेन्शन येतोय, म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन कायमचा घरी. सेवा १७ वर्षं, पायदळ. घर कसबा बावड्यात. मुलगा ६ वर्षांचा, जूनमध्ये पहिलीत जाईल. मुलगी अडीच वर्षांची. आई-वडील आमच्याजवळच.

लहानपणी वडिलांचा मार खूप होता. पट्टा, वेताची छडी, हाताला लागेल ते. त्याची कथा लिहीत नाही, उत्तरासाठी एवढी माहिती पुरावी. फौजेत रेकॉर्ड स्वच्छ, शेप-वन, म्हणजे वैद्यकीय तपासणीत पूर्ण तंदुरुस्त. अडचण घरात आहे. छुट्टीवर आलो की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मुलावर आवाज चढतो, आणि तो आवाज कुणासारखा आहे ते घरात सगळ्यांना कळतं. हात उचललेला नाही, उगारला गेलाय.

आजवर छुट्टी संपायची म्हणून निभावलं. आता रोजचं आहे. आवाज चढायच्या आधी नेमकं काय करायचं? फौजेतली कुठली सवय घरी चालते, कुठली गेटवर ठेवायची? डॉक्टरला दाखवलं तर शेवटच्या महिन्यात कॅटेगरीचं (वैद्यकीय श्रेणी उतरण्याचं) झंगट लागेल का? आणि वडील नातवाला मांडीवर घेऊन बसतात ते बघून डोकं फिरतं, त्याचं काय करायचं? "मनावर घेऊ नका" हे सोडून काहीही सांगा.

कोत_एनसीओ

भावा, फौजेच्या सवयींपुरतं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

कोतचा, म्हणजे हत्यारांच्या कोठाराचा चार्ज कसा घेतोस? लेजर उघडून, एकेक हत्याराचा नंबर वाचून, कमी-जास्त लिहून, मग सही. आल्या-आल्या "हितनं पुढं मी" असं कुणी म्हणत नाही. पेन्शन आलेला माणूस घरी नेमकं तेच करतो. ट्रंक उतरली की कमांड घेतली. अरे, तुझ्या घराचा चार्ज इतकी वर्षं वहिनींच्याकडं आहे आणि त्यांनी तो नीट चालवलाय. पहिले तीन महिने टेकिंग ओव्हर समज. एक वही घे आणि विचारून लिही: दूध किती वाजता येतं, व्हॅनवाल्याचा नंबर, वर्गात बाई कोण, मुलगा कुठली भाजी ताटात ढकलतो, मुलीला झोपताना दिवा लागतो का, मुलाचा पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर झालाय का, लसीचं कार्ड कुठल्या डब्यात आहे. या तीन महिन्यांत घरातला एकही नियम बदलायचा नाही. बदलावासा वाटला तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव आणि तीन महिन्यांनी वाच. निम्मे तुझे तूच खोडशील.

त्याच वेळी एक काम पूर्ण आपल्याकडं घे. सकाळची शाळेची तयारी नको. तिथं घड्याळ असतं, आणि घड्याळ दिसलं की आपला माणूस फॉलिनला (परेडच्या रांगेत) उभा राहतो. एक मोजा सापडला नाही एवढ्यावरनं भडका उडतो. संध्याकाळी बाहेर नेणं घे, नाहीतर रात्रीचं जेवण.

आता आवाज. ग्राउंडवर ओरडतो कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. स्वयंपाकघरातनं हॉल दहा फूट. हात पोचेल इतक्या जवळ गेल्याशिवाय मुलाला काही सांगायचं नाही, हा एकच नियम धर. दुसऱ्या खोलीतनं हुकूम नाही. चालत जाण्यात चार-पाच सेकंद जातात, निम्मं काम तेच करतात. जवळ गेलास की खाली बस. उभ्यानं वरनं बोललं की पोराला शब्द ऐकू येत नाहीत, नुसती उंची दिसते.

हुकमाचे दोन भाग तुला माहीतच आहेत. "परेड" म्हटलं की सगळे आवरून घेतात, मध्ये वेळ जातो, मग "सावधान". पहिला भाग गाळून कुठला उस्ताद हुकूम देत नाही, दिला तर परेड फाटते. घरात आपण तोच भाग गाळतो. बागेत "चल, ऊठ, घरी" म्हटलं की पोरगं अडणारच. "अजून दोन घसरगुंड्या, मग घरी" हा झाला तो पहिला भाग, कॉशन. पाच मिनिटं म्हणजे किती हे सहा वर्षांच्या पोराला कळत नाही, दोन घसरगुंड्या कळतात. दोन झाल्या की तिसरी नाही, आणि रागही नाही. हात धरायचा, चालू लागायचं.

गेटवर ठेवायचा तो रगडा, म्हणजे शिक्षेची अंगमेहनत. ट्रेनिंग सेंटरला एकाच्या चुकीवर अख्खी प्लाटून क्रॉलिंग करते आणि त्यातनं एकी होते, हे खरं. पण तिथं रिक्रूट जाणता असतो, स्वतः सही करून आलेला असतो, शेजारचा बडी (जोडीदार) त्याच चिखलात असतो आणि ट्रेनिंग कधी संपणार ते कॅलेंडरवर दिसतं. घरातल्या पोराकडं यातलं काहीच नाही. तो एकटा, आणि त्याचा उस्तादच त्याचा बाप. उठाबशा, कोपऱ्यात उभं करणं, बहिणीच्या चुकीला त्याला बोलणं, सगळं रगड्यातच धर.

बाकी बरंच चालतं. ठरलेलं जेवण, ठरलेली झोप, चपला जागच्या जागी, दिलेला शब्द पाळणं. मार असलेल्या घरात मारापेक्षा "आज काय होईल" हे जास्त छळतं. काय केव्हा होणार ते आधी ठाऊक असणं हा त्यावर उतारा आहे आणि फौज तो देते. अशा घरातल्या कितीतरी पोरांना शांत झोप पहिल्यांदा बराकीत लागते ती त्यामुळं.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं: पहिले दोन दिवस पोरगं पाहुण्याशी वागतं तसं वागतं. खाऊ, खेळणी, फोटो. बाप अजून चार दिवस आहे हे पटलं की मग हट्ट करून बघतं. आईपुढं रोज करतं तेच तुझ्यापुढं करायला लागलं, म्हणजे तुला घरातलं धरलं. बेअदबी समजू नको.

नववी_गल्ली

कोत_एनसीओंच्या बराकीच्या झोपेला धरून थोडं.

अमेरिकेत सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये बंद झाली. त्यानंतरच्या काळात स्वेच्छेनं सैन्यात गेलेल्या पुरुषांमध्ये बालपणी घरात मारहाण, छळ, दारू पाहिलेल्यांचं प्रमाण सैन्यात न गेलेल्यांपेक्षा जास्त निघालं. सक्तीच्या काळातल्या पुरुषांत असा फरक जवळजवळ नव्हता. २०१४ चा अभ्यास आहे. अर्थ उघड आहे: काही जण नोकरीइतकेच घरातून सुटायलाही जातात. आपल्याकडच्या गारगोटी, आजरा, चंदगडच्या मैदानांवर पहाटे १६०० मीटर पळणाऱ्या सगळ्यांना हे लावू नये, पण तुम्ही एकटे नाही एवढं यातून कळतं.

शिस्त जुनी आठवण जागेवर बसवून ठेवते, मोकळी करत नाही. १७ वर्षं वेळापत्रक, रँक, युनिफॉर्म यांनी ती धरून ठेवली. मूल झालं की ती सैल होते, आणि पुष्कळदा मूल त्या वयाला पोचतं तेव्हा, ज्या वयात आपल्याला मार सुरू झाला होता. तुमचा मार कुठल्या इयत्तेत सुरू झाला ते एकदा कागदावर लिहा. पहिली-दुसरी आलं, तर जून महिना जड जाणार हे आधीच धरून चाला. गृहपाठ, पाटी, "लक्ष कुठाय" ही वाक्यं तुमच्या तोंडून आपोआप येतील.

आता कृती. १४ दिवस एक नोंद ठेवा. रोज रात्री पाच मिनिटं, पाच रकाने: किती वाजता, त्याआधी दहा मिनिटांत काय चाललं होतं, शरीरात कुठे जाणवलं, जेवण, झोप, दारू यांची स्थिती, मी काय केलं. दोन चुका हमखास होतात. एक, फक्त स्फोट लिहिले जातात. आवरलं गेलं ते प्रसंगही लिहा, कारण तुमची युक्ती त्यातच सापडते. दुसरी, दुसऱ्या रकान्यात मुलाचा गुन्हा लिहिला जातो. तिथं तुमचं लिहा: फोनवर कुणाशी बोलत होतात, पैशाचं काय निघालं होतं, वडील काय म्हणाले. बहुतेक वह्यांत संध्याकाळी सातनंतरचा पट्टा भरलेला दिसतो, भूक आणि दमणूक दोन्ही बाजूंनी असते म्हणून. कॅन्टीनची बाटली घरात असेल तर चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. ज्या दिवशी पिणार त्या दिवशी मुलाचा अभ्यास घ्यायचा नाही आणि त्याला शिस्तही लावायची नाही, एवढं सुरुवातीला पुरे.

दोन आठवड्यांत शरीराची खूण सापडते. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाचा अंगठा मुठीत जातो. ती खूण शब्दांच्या आधी येते. आली की हा क्रम:

हात खाली, किंवा एकमेकांत गुंतवून पाठीमागे. उगारलेला हात अर्ध्या वाटेत थांबवणं फार अवघड, आधीच बांधलेला हात उगारला जात नाही.

एक वाक्य मोठ्यानं: "मला राग आलाय, मी जाऊन परत येतो." 'परत येतो' गाळू नका. न सांगता निघून जाणारा बाप मुलाला ओरडणाऱ्याइतकाच भीतीचा वाटतो.

मुलं कुणा मोठ्याच्या नजरेत आहेत हे बघून बाहेर. घरात दुसरं कुणी नसेल तर अडीच वर्षांच्या मुलीला सोडून जायचं नाही. तिला सुरक्षित जागी बसवून दारात, तिच्याकडं तोंड करून उभं राहायचं.

श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, दहा वेळा. इथं फौजी माणसाची एक चूक ठरलेली. रेंजवर ट्रिगर दाबताना श्वास थांबवायची सवय असते, तोच इथंही रोखून धरतात. रोखू नका, लांब सोडा. बाहेर जाणारा श्वास लांबला की नाडी उतरते.

परत यायला किमान २० मिनिटं. दोन मिनिटांत शांत वाटतं, पण अंगातली चढलेली तार उतरलेली नसते, आणि तेवढ्यात येऊन "आता सांग, का केलंस" सुरू केलं की दुसरा भडका पहिल्यापेक्षा मोठा होतो. त्या वेळात मनात खटला चालवायचा नाही. चाला, भांडी घासा, गाडी पुसा.

हा क्रम राग नसताना दिवसातून दोनदा कोरडा करून बघायचा. रिकाम्या रायफलीवर सराव न करता थेट रेंजवर कुणी जात नाही.

तरीही ओरडलं जाईल. मग दुरुस्ती करायची, त्याच दिवशी, झोपायच्या आधी. तीन वाक्यं: "मी मघाशी मोठ्यानं ओरडलो. तू घाबरलास. ते चुकलं माझं, तुझं नाही." पुढं 'पण' आला की माफी वाया गेली. "पण तू पण ऐकत जा ना" हे दुसऱ्या दिवशी, वेगळं. माफीच्या जागी खाऊ आणू नका. आधी आवाज, मग चॉकलेट हा क्रम मुलं पटकन शिकतात आणि तो चांगला नाही. त्याच्यासमोर रडून त्याला तुमची समजूत घालायला लावू नका. मुलानं लगेच गळ्यात पडावं अशी अपेक्षा नको. त्यानं "हं" म्हणून कूस बदलली तरी झालं.

शेवटी एक आकडा, कारण ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी १९८७ मध्ये तोवरचे अभ्यास तपासून अंदाज मांडला की बालपणी छळ सोसलेल्या पालकांपैकी साधारण ३० टक्के तो पुढे नेतात. म्हणजे बरेचसे नेत नाहीत. १९८८ मध्ये मिनेसोटात बायरन इगलँड आणि सहकाऱ्यांनी साखळी तोडणाऱ्यांत काय वेगळं होतं ते पाहिलं: लहानपणी मायेचं एक तरी मोठं माणूस, मानसोपचार, आणि भरवशाचा जोडीदार. अभ्यास आयांचा होता, बापांचा नव्हे, हे सांगायला हवं. तरी तीनपैकी दोन गोष्टी आजही हातात येण्यासारख्या आहेत.

नाद_खुळा

एवढं वह्या-रकाने करून पोरगं बिघडंल. दोन फटके बसल्याशिवाय कुठलं पोरगं सरळ झालंय? मारानंच माणूस फौजेत टिकतो. ह्यांच्या रेकॉर्डवरनंच दिसतंय की.

पाटी_पेन्सिल

नाद_खुळा, रेकॉर्ड स्वच्छ आहे आणि माणूस स्वतःच्या पोराजवळ बसायला घाबरतोय. दोन्ही त्याच मारातनं आलंय का ते तुम्हीच बघा. फटक्यांचं म्हणाल तर २०१६ मध्ये एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी ७५ अभ्यास, १ लाख ६० हजारांवर मुलं, असं एकत्र तपासलं. छळ नव्हे, साधे फटके. ऐकणं वाढल्याचं दिसलं नाही, आक्रमकपणा आणि मनाचे त्रास वाढलेले दिसले. शाळेत तर मारायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदीच आहे. पुरे एवढं.

मूळ प्रश्नाकडं. दादा, राग पुष्कळदा वय न कळल्यानं येतो. पोरगं मुद्दाम करतंय असं वाटतं आणि त्याला ते जमतच नसतं. म्हणून काय अपेक्षा ठेवायची ते सांगते.

पहिलीचा मुलगा एका जागी १०-१५ मिनिटं लक्ष देतो, नावडतं काम असेल तर त्याहून कमी. अभ्यास १० मिनिटं, मग पाणी, उड्या, मग पुन्हा १०. अक्षर उलटं निघणं, ६ आणि ९ ची गल्लत, ओळ सोडून लिहिणं हे या वयात चालतं. खोडरबर तुमच्या हातात ठेवू नका, बाप खोडायला लागला की मूल लिहायचं थांबतं. एका वेळी एकच सूचना. "दप्तर ठेव, हातपाय धू, कपडे बदल आणि आजीला हाक मार" यातलं शेवटचं तेवढं लक्षात राहतं. कधीमधी रात्री अंथरूण ओलं झालं तर ते आळशीपणाचं नसतं. पाच वर्षांपर्यंत तर तो आजार धरतच नाहीत, आणि नंतरही पुष्कळांचं आपोआप थांबतं. पण बंद झालेलं पुन्हा सुरू झालं, विशेषतः तुम्ही कायमचे आल्यावर, तर घरातला ताण बघा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चादर दोघांनी मिळून बदलायची, बोलायचं काही नाही.

मुलगी अडीचची. तिच्यासाठी तुम्ही फोनमधला माणूस आहात. उचलून घ्यायची घाई नको. पहिले काही दिवस जमिनीवर बसा, वाटी-चमचा घेऊन काहीतरी करत राहा, ती येईल. आई खोलीत असू दे. हट्टानं जमिनीवर लोळण घेतली तर समजावणं व्यर्थ, तिला त्या वेळी शब्द पोचत नाहीत. जवळ बसून वाट बघायची. आणि कितीही चिडलात तरी लहान मुलाला दंडाला धरून गदागदा हलवायचं नाही. मारलं नाही, नुसतं हलवलं, असं म्हणतात. त्यातनंच बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

दोघांनाही रोज वेगवेगळी १० मिनिटं द्या. फोन दुसऱ्या खोलीत. खेळ मुलानं ठरवायचा. यात प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, ते करतंय ते नुसतं बोलून दाखवायचं: "तू लाल गाडी पुढं लावलीस." पहिले चार दिवस फार कंटाळवाणं वाटतं, खरं सांगते. साधारण दुसऱ्या आठवड्यात मूल स्वतः हाक मारायला लागतं. शिक्षा म्हणून ही १० मिनिटं कधीच कापायची नाहीत.

रविवारी रंकाळ्याला न्या, पण पूर्ण फेरीचा हट्ट नको. फेरी बापाची असते, पोराला पाणी, बदकं आणि कणीस पुरतं. तालमीत घालायची घाईही नको. सहाव्या वर्षी आखाड्यात लोळायला ठीक, पण "वस्ताद सरळ करतील" या हेतूनं पाठवू नका. ज्या हाताला भ्यायला शिकवायचं नाही म्हणता तोच हात उसना आणल्यासारखं होतं.

फौजी_बावडा

आभार सगळ्यांचे. वही उद्यापासून. डॉक्टर आणि वडील राहिले तेवढं कुणी सांगाल का? झोपेत दचकून उठणं आहे, आठवड्यात दोन-तीनदा.

फाइल_नंबर

कागदाचं सांगतो.

कॅटेगरी मेडिकल बोर्ड ठरवतं, फोनवरचा समुपदेशक नव्हे. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत, फुकट. डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्षही आहे. तिथं बोलल्यानं शेपमधला एस, म्हणजे मानसिक आरोग्याचा शेरा, हलत नाही.

आरएमओमार्फत (युनिटच्या डॉक्टरमार्फत) मानसोपचारतज्ज्ञाकडं औपचारिक पाठवणी झाली तर मात्र प्रक्रिया लागते. युनिटकडून तुमच्या वागणुकीचा एएफएमएसएफ-१० अहवाल मागतात, गरज वाटली तर तात्पुरती कॅटेगरी, साधारण २४ आठवड्यांची, मग पुन्हा तपासणी. भीती इथली असते. तुम्ही महिन्याभरात सुटताय, बढतीचा प्रश्न राहिलेला नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करावीशी वाटत असेल तर महिना बघायचा नाही, आजच आरएमओ. तसं नसेल तर आता टेली-मानस आणि घरी आल्यावर उपचार, हा क्रम चालेल. रिलीज मेडिकल बोर्डात झोपेचं थेट विचारलं तर खोटं सांगू नका, एवढंच.

पेन्शनर झाल्यावर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. कार्डाचा अर्ज सुटायच्या आधीच भरतात, तो राहू देऊ नका. कोल्हापूरच्या पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचं, तिथनं रेफरल. रेफरलशिवाय परस्पर खासगीत गेलात तर तातडीचा प्रसंग सोडून बिल अडकतं. कार्ड हातात येईपर्यंत कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहेच. केसपेपर काढायचा, सकाळी लवकर जायचं. माहिती गुप्त ठेवणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमचा हक्क आहे.

आत गेल्यावर "टेन्शन आहे, झोप येत नाही" असं सांगितलं तर झोपेची गोळी मिळेल आणि विषय संपेल. पहिल्याच मिनिटात तीन गोष्टी सांगा: बालपणी वर्षानुवर्षं मार, आता मुलावर चढणारा राग, आठवड्यात किती रात्री दचकून उठता. चौदा दिवसांची वही सोबत न्या. आणि विचारा: आघातासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची उपचारपद्धत) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसह आठवणींवर काम करणारी पद्धत) इथं कोण करतं? दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दोन्ही गप्पांपेक्षा वेगळ्या, ठरलेल्या टप्प्यांनी चालतात, काही महिने लागतात, आणि सुरुवातीच्या काही बैठकांनंतर स्वप्नं वाढल्यासारखी वाटतात. बरेच जण तिथंच सोडतात. ते आधी माहीत असू द्या, वहिनींनाही सांगून ठेवा.

नववी_गल्ली

वडिलांचं. नातवाशी मऊ वागणारा तोच माणूस बघून जे होतं त्याला लोक मत्सर म्हणतात. मला ते दुःख वाटतं: याला हे जमत होतं, मग मला का नाही दिलं. त्याचा हिशोब उपचारांच्या खोलीत मांडा, जेवणाच्या ताटावर नको.

घरात व्यवहार ठरवा. सगळे शांत असताना, एकदाच, उभ्यानं नव्हे बसून: "आबा, या घरात मुलांवर हात उचलायचा नाही, उगारायचाही नाही. मीही नाही, तुम्हीही नाही." 'मीही नाही' आधी. त्याला जुनं उदाहरण जोडू नका, नाहीतर विषय जुन्या भांडणावर जातो आणि नियम राहतो बाजूला. ते म्हणतील, "मी कधी मारलं?" या वाक्याला काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. सत्तरीतल्या माणसाकडून कबुली निघेलच असं नाही, आणि तुमचं बरं होणं तिच्यावर टांगून ठेवू नका. "ते राहू दे, नियम एवढा" म्हणून उठायचं.

मग महिनाभर नुसतं बघायचं. आवाज चढतो का, काठी उगारतात का, प्यायलेले असतात का. यातलं काही दिसलं तर मुलं त्यांच्याजवळ एकटी ठेवायची नाहीत, नात्यापुढं नियम मोठा. काहीच दिसलं नाही तर आजोबा-नातवाला बसू द्या. मुलाला आजोबा मिळताहेत, त्यात तुमचं काही कमी होत नाही. फार त्रास झाला तर त्या वेळी उठून बाहेर जा, मुलाला मांडीवरून ओढून घेऊ नका. त्याला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं.

"माफ करायलाच हवं का" हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढं कुणीतरी देवळात नाहीतर लग्नात ऐकवेल. सांभाळणं आणि माफ करणं वेगळं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर आहे, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाला महिना १०,००० रुपयांपर्यंत देण्याचा आदेश करता येतो. ती पार पाडा, औषधपाणी बघा. माफीची तारीख कायद्यात नाही.

कोत_एनसीओ

एक राहिलं. पेन्शन आल्यावर महिन्याभरात शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सिक्युरिटीची नोकरी चालून येईल. बारा तासांची नाइट ड्यूटी असेल तर पहिले सहा महिने घेऊ नको. दिवसा झोपणारा बाप आणि घरात अडीच वर्षांचं पोर, दुपारी दोनला काय होणार ते सांगायला नको. दिवसपाळी मिळत असेल तर हजार-दोन हजार कमी घे.

फौजी_बावडा

उद्यापर्यंत थांबलो नाही, रात्रीच घरी फोन करून वहीचं पहिलं पान लिहिलं. व्हॅनवाल्याचा नंबर मिळाला. वर्गाच्या बाईंचं नाव शाळा सुरू झाल्यावर कळणार. मुलाचा बूस्टर राहिलाय, सेवा रुग्णालयात लसीचा वार विचारायला सांगितलंय. कार्ड तांदळाच्या डब्यामागं असतं. दूधवाला किती वाजता येतो विचारलं, तर बायको म्हणाली दोन वर्षं झाली, पिशवीचं येतंय.